सृष्टीच्या हातची तूर

पाचोडच्या बाजाराचा दिवस असूनही त्या दिवशी आमच्या गावातून बाजाराला कुणी गेलं नाही. सगळी जत्रा सोनाजीच्या रानात भरली होती. पावसाने दडी मारलेली, शिवारातली तूर करपलेली, आणि सोनाजीच्या बांधालगतची एक पट्टी तेवढी हिरवीगार. गावात धुनी पेटवून बसलेल्या धुनीबाबांनी तिथे झेंडा रोवला होता आणि बाया नारळ फोडत होत्या.

"अपना अंगारा इथंच पडला, बेटा," बाबा सांगत होते. बाकीचं रान मग का वाळलं, हे विचारायची सोय नव्हती. त्याचं पाप आधीच सोनाजीच्या सुनेच्या, सृष्टीच्या, माथी मारून झालं होतं. पेरणीच्या तोंडावर ती विटाळशी बसली म्हणून रान बाटलं, असा बाबांनी निवाडा दिला आणि घरच्यांनी पोरीला खुलताबादेकडे माहेरी धाडलं.

मी गावातला मास्तर. पेरणीआधी बियाण्याला चोळायच्या जिवाणूंच्या पुड्या मीच घरोघर दिल्या होत्या. ही पट्टी कोणी पेरली, असं मी सृष्टीच्या सासूला, कस्तुराबाईला, विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "सुनंनं. पुड्या समद्यांनी धुनीवर नेल्या, बाबानं निखाऱ्यावर शेकून दिल्या. तिचा हात लागलेली पुडी धुनीला चालंना. ती गोठ्यात सावलीलाच ऱ्हायली. मागून तिनं तीच बियाला चोळली अन् तेवढी पट्टी पेरली."

अहो, त्या पुडीत जिवंत जिवाणू असतात. ते मुळांशी घर करतात, मुळांभोवती ओल धरायला मदत करतात. पाऊस लांबला तर पीक जरा जास्त तग धरतं. जराच, तो चमत्कार नव्हे. पण निखाऱ्यावर ते मरतात. आपली तूर तगवणारे जीव गावाने बाबाच्या पायाशी नेऊन भाजून घेतले होते.

मी हे चारचौघांत सांगितलं, तसे बाबा खवळले. मी वाद घातला नाही. शेकलेल्या पुडीचं बी आणि न शेकलेल्या पुडीचं बी शाळेच्या कुंड्यांत वेगवेगळं लावलं, रोपं वर आल्यावर सगळ्यांदेखत पाणी तोडलं. शेकलेल्या कुंड्यांतल्या रोपांनी आधी माना टाकल्या. तोवर बाबांनी दुसरं गाव गाठलं होतं.

मग सोनाजी, कस्तुराबाई आणि मी सृष्टीला आणायला गेलो. तिचा नवरा आदिनाथ आला नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. सृष्टीने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, ती पट्टी बी वाळली असती, तर तुम्ही मला न्यायला आला असता का?"

कस्तुराबाईने हातातला तांब्या तसाच खाली ठेवला आणि ती उठली. आम्ही तिघं तसेच परतलो.

बाबा पळाला, पण मला त्याचं समाधान नाही. लोकहो, पुड्या सावलीत ठेवा. कुणी चमत्कार सांगितला तर तो घडला कसा, हे विचारा. आणि लेकीसुनेवर पाप ढकलणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. वाळलेली तूर पुढच्या साली पुन्हा पेरता येते. सृष्टी अजून माहेरीच आहे.