सतवंतने पाहिलेली रांगोळी

सुमनला दम्याचा त्रास आणि नवरा सदा दौऱ्यावर. रघुवीर सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत यंत्रं बनवायचा आणि ती बसवायला देशभर हिंडायचा. एकदा एकटी असताना तिचा श्वास असा कोंडला की दाराची कडी काढायलाही उठवेना. तेव्हाच तिने ठरवलं, वेळेला धावून येईल असं माणूस जोडून ठेवायचंच.

आधी अर्थातच त्या परक्या शहरातली मराठी माणसं धरली. गणपतीच्या आरतीला भेटलेल्या प्रत्येकीने "केव्हाही हाक मार गं" म्हणून तोंडभर सांगितलं. ती हाक त्या राहायच्या त्या लांबच्या सेक्टर बावीसपर्यंत पोचवायची कशी, हे मात्र एकीनेही सांगितलं नाही. फोन कुणाकडेच नव्हता.

शेवटी तिने समोरच्या क्वार्टरमधल्या सतवंत कौरला गाठलं. सतवंत म्हणाली, "आप रोज़ सुबह दरवाज़े पर जो फूल बनाती हो ना, जिस दिन नहीं दिखा, मैं आ जाऊँगी. पक्का!"

रांगोळीवर जीव टांगायचा म्हणजे अतीच झालं! त्यात सतवंतच्या घरी कायम गोंधळ. ती कसली बघतेय? सुमन नेमाने रांगोळी काढायची आणि पडद्याआडून समोर नजर ठेवायची. कुणी मान वळवलेली तिला एकदाही दिसली नाही. आपण आहोत की गेलो याचा इथे कुणाला पत्ताही लागायचा नाही, असं वाटून तिला भडभडून यायचं.

अशात एका संध्याकाळी साताऱ्याहून तार आली. आई गेली. रघुवीर आसामात होता, आणि ती गाडीने पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलेलं असणार. सुमन रडली नाही. रडायलाही समोर कुणीतरी लागतं. सकाळी सुतक म्हणून तिने रांगोळीचा डबा उघडला नाही, नुसती भिंतीला टेकून बसून राहिली.

मागच्या अंगणात धपकन आवाज झाला. पुढचं दार बंद म्हणून सतवंत भिंतीवरून उडी मारून आली होती. हात कणकेने बरबटलेले, पायात चप्पल नाही.

"दवाई किधर है? बोलो मत, इशारा करो!"

सुमनने तार पुढे केली. सतवंतला इंग्रजी येत नव्हतं.

"माँ..." सुमन एवढंच म्हणाली.

सतवंतने तिला कणकेच्या हातांनीच कुशीत ओढलं, तेव्हा कुठे सुमनचा बांध फुटला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "तीन दिन रांगोली नहीं बनेगी, बहनजी. हमारे में सूतक है. आप घबराना मत."

"तो मुझे पता कैसे चलेगा?" सतवंत तिच्या शेजारी बैठक मारत म्हणाली. "सरदारजी को बोलती हूँ, मेरी खाट इधर डाल दें."

सुमन नको म्हणाली नाही.