दौलतरावांच्या अंगात आलेली बॅटरी

अंगात देव येण्यातून दौलतरावांना काय मिळत होतं, ते आधी मांडून घेऊ. गावातल्या हळदीला पुढची खुर्ची. जत्रेत पहिला नारळ. आणि मुख्य म्हणजे पालखीची पुढची दांडी. ती त्यांच्या खांद्यावरून काढून गावातल्याच हरिचंद्रला द्यावी, असं अर्ध्या खरवई गावाचं मत होतं, पण देव यायला लागल्यापासून ते मागे पडलं होतं. बसल्याजागी एवढं मिळवून देणाऱ्या देवाला नको कोण म्हणेल?

हा देव बघायला त्या मंगळवारी गावदेवीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. दौलतरावांचा पुतण्या नरेंद्र एरवी बदलापुरात फ्लॅट विकायचा. तो दारात उभा राहून ओरडत होता, "डायरेक्ट देव हाय! क्लिअर टायटल! मधी कोणी एजंट नाय!"

खरी गोष्ट दौलतराव आणि त्यांची बायको इंदुबाई, दोघांनाच ठाऊक. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं होतं. हृदय भलतंच पळायला लागलं की ते आतून झटका देऊन त्याला ठिकाणावर आणतं. पण हृदयाच्या पेशंटला पालखी कोण देईल? दौलतरावांनी गावाला सांगितलं हर्नियाचं ऑपरेशन, आणि जत्रेत दांडी घेतली त्याच खांद्यावर.

पुढे एका आरतीला त्यांनी घंटेसाठी डावा हात वर नेला आणि कोसळले. बैलाने छातीत लाथ घालावी तसा दणका! सावरायला धावलेल्या ठमाबाईच्या हातांना मुंग्या आल्या. "देवी आली गो, देवी!" ती किंचाळली. दौलतराव गप्प बसले. लाथ खाल्लेल्याला कोणी नारळ देत नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

"अवो, नर्सबाईंनी बजावलंय ना," घरी इंदुबाई म्हणाल्या. "झटका आला तर बरं वाटलं तरी त्याच दिवशी फोन करायचा. लागोपाठ दोन आले तर तडक हॉस्पिटल."

"करतो गो."

फोन झाला नाही. झटके मात्र अधूनमधून बसत राहिले. गाव त्याला कृपा म्हणायचं आणि ज्याच्यावर कृपा व्हायची तो घंटा दिसली की थरथरायचा.

त्या मंगळवारी गर्दीतून हरिचंद्र पुढे आला. घामाने निथळत, छाती धरून.

"दौलत, जबडा पन दुखतंय रं. डॉक्टर नको. तुझा देव लाव एकदा."

"आबा, घंटा वाजवा!" नरेंद्र काकांना ओरडला.

दौलतरावांना क्षणभर हिशेब सुचला. हरिचंद्र गेला तर दांडीला दुसरा हक्कदारच उरत नाही. मग स्वतःचीच एवढी किळस आली की त्यांनी शर्टाची बटणं ताडकन उघडली आणि कातडीखालचा उंचवटा सगळ्यांना दाखवला.

"हा बघा माझा देव. बॅटरीवर चालतो! नरेंद्र, रिक्षा आण. हऱ्याला हार्टचा झटका आलाय, गाढवांनो!"

"म्हणजे देव यंत्रात आला?" ठमाबाईने विचारलं.

"बाई, यंत्र बिघडलंय आणि मी नालायक आहे. आता वाट सोड!"

हॉस्पिटलात हरिचंद्रची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. आणखी एक आरती झाली असती तर उघडून उपयोग नव्हता.

दौलतरावांचा एक्स-रे बघून डॉक्टर राजसी म्हणाल्या, "काका, यंत्रातून हृदयात जाणारी वायर खांद्याच्या हाडाखाली चेमटून तुटलीय. हात वर केला की तिच्यात खरखर होते. यंत्राला वाटतं हृदय फडफडतंय, म्हणून ते झटका देतं. त्या वेळी तुम्हाला धरलेल्या माणसाला थोड्या झिणझिण्या येतात, त्याला काही अपाय नाही. वायर बदलू."

मग त्यांनी विचारलं, "झटके सुरू झाल्यापासून झोप लागते का?"

आजवर सगळ्यांनी विचारलं होतं ते देव काय बोलला हेच. दौलतरावांचे डोळे भरून आले. "नाय लागत. पुढचा कधी येईल, याचीच भीती."

"अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. तिच्यावरही इलाज आहे. फक्त सांगायचं असतं."

देवीला हात जोडायला कोणाची ना नाही. पण कोणी कोसळला, कोणाची छाती दुखली, तर जोडलेले हात सोडवून आधी फोन उचलावा. उत्तर देवळात नाही, एक्स-रेत सापडलं.

आता शेवटची बेरीज. हरिचंद्रचा जीव वाचला, पण पालखी त्यालाही बंद. दांडी त्याच्या मुलाच्या, अमितच्या खांद्यावर गेली. नरेंद्र पुन्हा फ्लॅट विकतो, क्लिअर टायटलसकट. दौलतरावांना पुढची खुर्ची अजून मिळते, फक्त आता पेशंट म्हणून. झटके त्यांनी खाल्ले, पण नारळही त्यांनीच खाल्ला, म्हणजे फिटंफाट. भरणा एकट्या इंदुबाईंनी केला. इतके महिने त्या नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून जाग्या होत्या, आणि त्यांना खोबऱ्याचा तुकडासुद्धा मिळाला नव्हता.