कोस्किलाच्या सोयरिकीतली आई

तळ्याकाठच्या उघड्या रंगमंचावर दर उन्हाळ्यात 'कोस्किलाची सोयरीक' व्हायची, आणि दर उन्हाळ्यात त्यातली आई व्हायची हेल्वी. गावाला नाटक इतकं पाठ, की नट अडखळला तर प्रेक्षकच वाक्य पुरवायचे. हेल्वीला मात्र कुणी कधी काही पुरवलं नाही, कारण आईला वाक्यंच नव्हती. बाप, म्हणजे म्हातारा कोस्किला, सोयऱ्यांशी बोलून मुलीचं लग्न ठरवायचा आणि आई कॉफी ओतायची.

यंदा हेल्सिंकीहून नवी दिग्दर्शिका आली, ईना. पोरगी हुशार, बोलायला गोड. पण पहिल्याच बैठकीत तिने हेल्वीच्या भूमिकेवरच घाव घातला.

"हेल्वीकाकू, रागावू नका, पण ही आई मी काढून टाकतेय. मुकाट्याने कॉफी ओतणारी बाई! बायकांचा अपमान आहे हा."

"म्हणजे बायकांचा मान राखायचा म्हणून बाईलाच घरी बसवायचं होय?"

ईना गोरीमोरी झाली. बाकीचे हसले, हेल्वीही हसली, पण आतून ती रडकुंडीला आली होती. नवरा गेल्यापासून हे नाटकच तिला माणसांत आणत होतं.

"एक तालीम करू दे मला," ती म्हणाली. "एक शब्द वाढवणार नाही. मग काढ हवं तर."

तालमीलाही कॉफी खरीच लागायची. बापाचं काम करणाऱ्या ताइस्तो सुताराला रिकामा कप तोंडाला लावणं बापजन्मात जमलं नव्हतं. कप संपवायचा, टेबलावर आपटायचा आणि म्हणायचं, "कॉफी संपली, शब्द ठरला!" की झालं लग्न पक्कं.

सोयरे बसले. ताइस्तोने ऐटीत कप पुढे केला. हेल्वी किटली घेऊन आली आणि टेबलाशी नुसतीच उभी राहिली. कोपऱ्यात मुलीचं काम करणारी सान्नी उभी होती. हेल्वी तिच्याकडे बघत राहिली.

ताइस्तोने कप हलवला. मग खाकरला. सोयऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. डास चावत होते, पण हात हलवायची कुणाची छाती होईना.

"अगं ओत की!" ताइस्तो पुटपुटला.

हेल्वी ढिम्म. शेवटी ताइस्तोने तिच्या नजरेच्या रोखाने मान वळवली, आणि नाटकात नसलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं. "तुझं काय म्हणणं आहे, पोरी?"

सान्नी गडबडली. "मला... मला आजवर कुणी विचारलंच नाही."

ईना खुर्चीतून उठून थेट मंचावर आली. "काकू, हे नाटकात कुठे आहे?"

"माझ्यापुरतं आहे की. 'आई कॉफी ओतते.' लगेच ओतते असं कुठे लिहिलंय?"

ईनाने आधी संहिता उघडली, मग मिटली, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "राहू दे ही आई," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि असाच वेळ लावायचा, काकू. रोज."

हेल्वीचा जीव भांड्यात पडला.

"ते ठीक आहे," ताइस्तो कुरकुरला, "पण लग्न ठरलं की नाही? पुढे दोन अंक आहेत!"

हेल्वीने सान्नीकडे पाहून भुवया उंचावल्या.

"ठरू दे," सान्नी म्हणाली. "पुढच्या अंकात पळून जायचंय मला."

"मग आधी पोटात काहीतरी गरम घाल," हेल्वी म्हणाली, आणि बापाचा पुढे आलेला कप ओलांडून तिने पहिली कॉफी मुलीला ओतली.