तांदळातलं नाव

मित्रांनो, रत्नागिरीच्या एका वाचनालयातली मी कादंबरी, आता जुनी झालेली. माझ्या पोटात एका गुलाम बाईची आणि तिला विकत घेणाऱ्या मालकाची गोष्ट आहे. तो तिला जीव लावतो. पण जिला नाही म्हणायची मुभाच नाही, तिच्या होकाराला प्रेम म्हणायचं का?

छापखान्यातून आले तेव्हा माझा तोरा काय सांगू! कौतुकही झालं. पण बहुतेकांनी प्रेमाची पानं तेवढी वाचली. ती मळली, बाकीची कोरी राहिली. पुढे मी वरच्या फळीवर नुसती धूळ खात बसले. फार वाईट वाटायचं.

एके दिवशी मिरकरवाड्याच्या मथुराने मला घरी नेलं. तिच्या सासूबाई, यमुनाबाई, दुपारी जाळी सांधत बसायच्या. नजर अधू झालेली. जाळ्याला बोटं पुरायची, पुस्तकाला नाही. म्हणून मथुरा मोठ्याने वाचायची. मला सुक्या बांगड्यांचा वास लागला, पण पहिल्यांदाच कोणीतरी मला सुरुवातीपासून वाचत होतं. मी खूश होते.

मथुराच्या मुलाचं, ऋत्विकचं, लग्न ठरलं होतं. होणारी सून सानवी. तिला आपलं नाव बदलायचं नव्हतं, तसं तिने मथुराला सांगितलंही होतं. पण यमुनाबाईंनी नवं नाव काढून ठेवलेलं, आणि त्यांच्यापुढे बोलायची मथुराची छाती नव्हती.

एका दुपारी मालक त्या बाईला लाडाने नवं नाव देतो, ते पान आलं. यमुनाबाईंचा हात थांबला.

"नाव दिलान, पण तिला इचारलान काय?"

"नाही, आई."

"मग कसली गो ही माया?" जाळं मांडीवरून बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मी तरी तुला कुठं इचारलेलं?"

मथुराच्या डोळ्यातलं पाणी टपकन माझ्या पानावर पडलं. मला त्याचा मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, मला जपून हाताळा, कोपरे दुमडू नका. पण जपायचं म्हणून कोरी ठेवू नका, पहिल्या पानापासून वाचा. वाचल्याने काय होतं, ते मी त्या घरातल्या फळीवरून पाहिलं आहे.

वरात घरी आली. तांदळाचं ताट पुढे आलं. ऋत्विकने अंगठीने त्यात लिहिलं, 'सानवी'. बायका कुजबुजल्या. यमुनाबाईंनी ताट हलवून तांदूळ सारखे केले आणि ते मथुरापुढे सरकवलं.

"आता तू लिव. तुझं, माहेरचं."

मथुराने तांदळात बोट टेकवलं. मग तिने सावकाश लिहिलं, 'निशिगंधा'.