परसातला फणस

धाकलू गणेशगुडीला काळी नदीत दहा वर्षे राफ्ट चालवत होता. मणका मोडल्यावर वर्षभराने तो व्हीलचेअरवर कामाला परतला. आता पाहुण्यांना सूचना देऊन त्यांच्या जाकिटांचे पट्टे तपासायचे, एवढेच काम होते. पहिल्याच दिवशी त्याला पाहून एक कुटुंब बिचकले.

"हे नदीत झालं का?"

धाकलू हातातल्या जाकिटाचा पट्टा चाचपू लागला. नदीतल्या दुखापतीत मान होता; त्यांनी तसेच समजावे, असे त्याला वाटत होते.

"सांग की दादा, न्हाईतर समदी परत जातील," जोडीदार महाबळेश्वर कुजबुजला. "फणसाची कसली लाज?"

"न्हाई," धाकलू मान खाली घालून म्हणाला. "परसातल्या फणसावरनं पडलो."

कुणीतरी हसले. मग पट्टे तपासून घ्यायला एकेकजण त्याच्यापुढे उकिडवा बसला. धाकलूने प्रत्येक पट्टा घट्ट ओढला. वर मात्र पाहिले नाही.