गुडघ्यांचं माप

दुसऱ्यांच्या पँटी शिवून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःची पँट उभ्याने घालता येऊ नये, याला काय म्हणायचं? सातवा महिना संपत आला होता. एका सकाळी मी नेहमीसारखा डावा पाय उचलला आणि पुढच्या बाजूला, अगदी खाली मधोमध, जिथे हाड असतं हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं, तिथे अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पँट अर्ध्यावर धरून मी तशीच पलंगावर बसले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात हीच दोन वाक्यं आलटून पालटून चालू होती.

आमचं शिलाईचं दुकान घराच्या खालीच आहे. नवरा कापतो, मी शिवते, आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, काज-बटणं आणि शेवटची सफाई बघतात. शाळांचे गणवेश, वेटरांचे कोट, कुणाच्या तरी लग्नाचा सूट, असं काम. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आम्ही दोघं एकाच शिलाईच्या क्लासात शिकलो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. मास्तर माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या तोंडून मत काढायचं म्हणजे नाकी नऊ येतात. कॉलर कुठली घेऊ असं गिऱ्हाइकाने विचारलं तरी हा म्हणणार, "तुम्ही म्हणाल ती."

दुखणं मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. जिना उतरताना कळ, गादीवर कूस बदलताना कळ, मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की कळ. आणि गंमत अशी की सरळ उभी राहिले की मी अगदी ठणठणीत दिसायचे. सूज नाही, जखम नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "चेहऱ्यावर काय तेज आलंय!" त्यांना काय सांगणार की हे तेज नाही, दात आवळून धरल्यामुळे आलेली लाली आहे?

मग सल्ले सुरू झाले. माझी ताई फोनवर म्हणाली, "खाली मांडी घालून बस, तळवे तळव्यांना लाव, गुडघे चांगले फाकव. मोकळं होतं सगळं." मी बसले. उठताना मास्तरला आणि आईंना मिळून मला उचलावं लागलं. समोरच्या औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, अंथरुणातून हलूच नकोस. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हालचाल नाही म्हणून दुखतं. मी शेवटच्या दिवसापर्यंत मशीनवर होते." त्यात टोमणा होता की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. बसावं, झोपावं की चालावं? मी तिन्ही करून बघितलं आणि तिन्हींनी दुखलं. आपण नाटक तर करत नाही ना, अशी शंका मला माझ्याबद्दलच यायला लागली. मी तर पार भंजाळून गेले होते.

शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "कमरेखालच्या हाडांचे सांधे जरा सैल होतात या दिवसांत, आणि सगळे सारखे सैल होत नाहीत," त्या म्हणाल्या. "बाळाला धोका नाही. पण तुम्हाला दुखतंय ते खरंच दुखतंय." हे ऐकून मला रडूच फुटलं. त्यांनी मला त्यांच्याच दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईकडे पाठवलं.

व्यायामवाली बाई बारीक, चटपटीत. तिने कपडे बसून घालायला सांगितले. जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढायचा, झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायची, आणि कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटलेले ठेवायचे. थोडं बरं वाटायला लागलं. मग एक दिवस तिने बाळंतपणाचा विषय काढला.

"तुम्हाला पाठीवर झोपवून पाय ताणले तर पुढे महिनोन् महिने त्रास होईल. कुशीवर झोपून करता येतं, ओणवं होऊनही करता येतं. फक्त गुडघे किती उघडले की दुखायला लागतं, ते आधी मापून ठेवायचं. कमरेतून सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, तर तुम्हाला दुखणं कळणार नाही आणि कुणीतरी पाय जास्त ओढेल. म्हणून तेवढ्या मापाची एक फीत कापून ठेवा आणि तिथल्या सिस्टरना द्या. फितीच्या पुढे गुडघे जाऊ द्यायचे नाहीत. रोज सकाळी फीत लावून सराव करा."

आता शिंप्याच्या घरात माप घ्यायचं म्हणजे काय, आमचा हातखंडाच! त्याच दिवशी घरी आल्यावर मी कुशीवर झाले, वरचा गुडघा हळूहळू उचलला, आणि दुखायच्या अलीकडे "बास" म्हटलं. मास्तरने टेप लावला, खडूने पांढऱ्या सॅटिनच्या फितीवर खूण केली आणि कात्री चालवली. आईंनी फितीची टोकं साफ केली. आमच्या दुकानात कुठलीही वस्तू अशीच तयार होते, तिघांच्या हातांतून.

दुसऱ्या दिवशी मी फीत गुडघ्यांत धरून पाय उघडला. फीत ताणली जायच्या आधीच कळ आली. मला वाटलं, रात्री वेडीवाकडी झोपले असेन. तिसऱ्या दिवशी तेच. मी दात आवळून फीत पूर्ण ताणली, आणि दुपारपर्यंत मला मशीनवरून उठता आलं नाही.

एखादी दुसरी बाई असती तर म्हणाली असती, मरू दे ती फीत. पण मी शिवणारी बाई. गिऱ्हाईक म्हणतं कोट घट्ट होतोय, तेव्हा आम्ही आधी टेप बघतो, मग गिऱ्हाइकाचं पोट. माप चुकत नाही, अंग बदलतं, ही आमची धंद्यातली श्रद्धाच आहे. तेव्हा माझा निष्कर्ष ठरलेला होता. मी बिघडत चालले होते. आठवड्याभरात एवढं, तर बाळंतपणापर्यंत काय होईल? पाय उघडणारच नाहीत. आणि कुणी ओढून उघडले, तर नंतर मी चालेन का? बाळाला घेऊन जिना चढेन का? मला मूल हवं होतं आणि माझे पायही हवे होते. यात जास्त मागितलं असं मला वाटत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, ऑपरेशन करून टाका. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी आम्ही सहसा करत नाही. ऑपरेशननंतर पोट दुखेल, हा सांधा लगेच बरा होईलच असं नाही. पण तुम्हाला इतकी भीती वाटत असेल तर तारीख धरून ठेवू. मन बदललं तर सांगा."

घरी येताना मी मास्तरला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील ते."

"मी विचारतेय तुला."

"अगं, तुझं अंग. मी काय बोलू?"

आपल्या बाजूने त्याने मोठा समजूतदारपणा केला होता. मला वाटलं, याला रस्त्यातच सोडून रिक्षाने पुढे जावं. पण रिक्षात चढायलाही मला तोच लागत होता.

तारीख धरली आणि जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला कुणाचा सल्ला ऐकायची गरज उरली नव्हती. आईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तेव्हा मी म्हटलं, "आई, ठरलंय." त्या पुन्हा काजं करायला लागल्या. ठरणं ही काय सुखाची गोष्ट असते!

ते सुख पुढच्या तपासणीपर्यंत टिकलं. व्यायामवाल्या बाईने मला झोपवून पाय स्वतः उचलून बघितला, आणि म्हणाली, "छान, मागच्यापेक्षा थोडं जास्तच उघडतंय की." मी म्हटलं, शक्यच नाही, आणि पिशवीतून फीत काढून दिली. तिने ती माझ्या गुडघ्यांत धरली. फीत चांगली चार बोटं लोंबत होती.

"ही कुणी कापली?"

"मी," शेजारी उभा असलेला मास्तर म्हणाला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मी दोन्ही बाजूंना मार्जिन धरलं होतं. टोकं दुमडून शिवायला."

"आणि दुमडली कुणी?"

दुमडली कुणीच नव्हती. सॅटिनचे धागे सुटू नयेत म्हणून आईंनी टोकं मेणबत्तीवर धरून भाजून टाकली होती. दुमडलं तर जाड होईल, सुनेला टोचेल, म्हणून मायेने. त्याने त्याचं काम बरोबर केलं होतं आणि आईंनी त्यांचं. आणि दोघांच्या बरोबरच्या मधोमध माझा गुडघा अडकला होता.

व्यायामवाली बाई हसू दाबत होती. मी हसले नाही. मी घरी येईपर्यंत बोलले नाही, आणि घरी आल्यावर दोघांना एकदमच बोलले. आई पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, "मग इतके दिवस रोज सकाळी तू ते सहन करत होतीस? म्हणाली का नाहीस?"

"म्हणत होते, आई! रोज म्हणत होते!"

 त्या उठल्या आणि उगाचच उशीचा अभ्रा बदलायला लागल्या.

आता खरा गोंधळ पुढे. भीती ज्या मापावर उभी होती ते मापच खोटं निघालं. मग भीतीने जायला हवं ना? ती गेली नाही. एकदा आत येऊन बसलेली पाहुणी थोडीच उठते! ऑपरेशन रद्द करावं का? पण त्या तारखेने मला शांत झोप दिली होती. ठेवावी का? पण मग ती चुकीच्या फितीने ठरवलेली तारीख. सकाळी वाटायचं, जमेल आपल्याला. जिना उतरला की वाटायचं, छे! डॉक्टरीणबाईंना फोन लावायला घ्यायचे आणि मध्येच ठेवून द्यायचे. माझं रोजचंच तळ्यात-मळ्यात. मास्तरला विचारायचं मी सोडून दिलं होतं. तो माझ्याभोवती चोरासारखा वावरायचा, चप्पल पायाशी आणून ठेवायचा आणि निघून जायचा.

तारीख यायच्या आधीच, एका भर दुपारी, काउंटरवर एका वेटरच्या कोटाला बाह्या लावत असताना माझ्या कळा सुरू झाल्या. या वेगळ्या कळा होत्या, तेवढं मात्र कळलं.

हॉस्पिटलमध्ये आमच्या डॉक्टरीणबाई नव्हत्या, ड्यूटीवर दुसरे डॉक्टर होते. सिस्टरने विचारलं, "तुमचं ऑपरेशन ठरलंय असं दिसतंय. तशी घाई नाही, बाळ छान आहे, गर्भाशयाचं तोंडही चांगलं उघडलंय. काय करायचं? ऑपरेशन, की बघायचं?"

मी मास्तरकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार.

"एक शब्द बोललास तर बघ," मी म्हटलं. आणि कळ आली, आणि कळ गेल्यावर मी सिस्टरला म्हटलं, "बघू." निर्णय वगैरे काही नव्हता तो. दुसरी कळ यायच्या आत तेवढाच शब्द मावला.

मास्तरने खिशातून नवी फीत काढून सिस्टरच्या हातात दिली. ही त्याने गुपचूप कापली होती. मागच्या चुकीचा असा धसका घेतला होता त्याने की फीत तळहाताएवढी होती. सिस्टर म्हणाली, "अहो, एवढ्यातून बाळ काय पत्रासारखं सरकवायचंय?" तिने फीत त्याला परत दिली. "फीत राहू दे. त्यांनी सुन्न करायचं इंजेक्शन घेतलेलं नाही, त्यांना दुखेल तेव्हा त्याच सांगतील. तुम्ही वरचा पाय धरा."

मी डाव्या कुशीवर होते. मास्तरने माझा उजवा पाय गुडघ्याखाली हात घालून धरला. टेप नाही, खडू नाही. तो हळूहळू उचलायला लागला. "थांब," मी म्हटलं. तो थांबला. कळ आली, गेली. पुन्हा थोडा उचलला. "थांब." थांबला. असं किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मी कुठे आहे, किती वाजले, मी ओरडतेय की दुसरंच कुणी, काही कळत नव्हतं. दुखणं वरचं कुठलं आणि खालचं कुठलं, तेही. एवढंच कळत होतं की मी थांब म्हटलं की काहीतरी थांबतं. इतक्या दिवसांत तसं घडलं नव्हतं.

शेवटी शेवटी माझा आवाजच गेला. डॉक्टर घाईने आत आले, खाली वाकले आणि म्हणाले, "पाय अजून वर घ्या, मला नीट दिसत नाही." मी थांब म्हटलं असेन, पण ते मलाच ऐकू आलं नाही. सिस्टरचा हात माझ्या गुडघ्याकडे आला.

"नाही," मास्तर म्हणाला.

"अहो, जरासाच."

"नाही. ती थांब म्हणाली." त्याने माझा गुडघा होता तिथेच धरून ठेवला. "डॉक्टर, तुम्ही मागच्या बाजूने या. पाय इथेच राहील."

 मग डॉक्टर खरंच उठले, पलंगाला वळसा घालून माझ्या पाठीमागे आले आणि म्हणाले, "ठीक आहे, दिसतंय इथून. आता जोर लावा."

मुलगी झाली. तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मला आनंद झाला की नुसता थकवा आला, ते मला नीट सांगता येत नाही. मी तिच्या ओल्या केसांकडे बघत राहिले. मग लक्षात आलं की माझा पाय अजून वरच आहे. मास्तर तो तसाच धरून उभा होता. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मुलीकडे त्याने अजून धड बघितलंही नव्हतं.

"सोडा की आता, मास्तर," सिस्टर म्हणाली.

त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"सोडू?" त्याने मला विचारलं.

"हळू," मी म्हटलं.