खडीचा टायर, चिखलाचा टायर

टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता, तांबडा, गव्हाएवढा, आणि प्रभंजनराव तो नखानं उकरून काढायला बघत होते. निघेना. बरं, निघून तरी काय होणार होतं? पण हुबळीच्या कमरीपेठेतल्या आनंदाच्या दुकानात सकाळपासून उकिडवं बसून गुडघे धरले होते, दोनदा चहा झाला होता, आणि निर्णय काही होत नव्हता. तेव्हा निदान खडा तरी...

मलाया जपान्यांच्या हाती पडल्यापासून रबर म्हणजे सोनं. नवा टायर डोळ्यांनी बघायला मिळत नव्हता, आणि धारवाडच्या नामांकित वकिलानंही जुन्यातलं जुनं चाचपत बसावं असे दिवस आले होते. गाडीचे पुढचे दोन टायर अजून तग धरून होते. मागच्या दोन्हींची तर सुतं दिसायला लागली होती. समोर दोन जोड्या मांडलेल्या. एक अळणावरच्या लाकूड ठेकेदाराच्या मोटारीची: मोठमोठ्या दातांची, चिखल धरून ठेवणारी. दुसरी हुबळीतल्याच एका डॉक्टरच्या गाडीची, जिनं गावाची वेस कधी ओलांडली नव्हती: गुळगुळीत, मऊ, बोट दाबलं तर आत जाईल अशी. दोन्ही घ्यायच्या म्हटलं तरी आनंदा देणार नव्हता. दुसऱ्या जोडीवर आणखी कुणाचे डोळे होते.

नवलगुंदपर्यंत खडीचा रस्ता. तिथं दातांचा टायर म्हणजे नुसते दणके, बसलेल्याची आतडी हलायची. आणि नवलगुंद सोडलं की काळी जमीन — आश्विन लागला तरी पाऊस हटायला तयार नाही — तिथं गुळगुळीत टायर जागच्या जागी गरगर फिरणार आणि मोटार बसकण मारणार, ती पुन्हा उठायची नाही. इकडे आड, तिकडे विहीर. एकटं जायचं असतं तर प्रभंजनरावांनी डोळे मिटून एक जोडी उचलली असती. पण येताना मागच्या सीटवर हेमा असणार होती. हेमावती. त्यांची एकुलती एक लेक, सातव्या महिन्यातली.

पहिल्या बाळंतपणाला त्यांनी तिला तिकडं, नवलगुंदच्या पलीकडं सासरीच ठेवलं होतं. पाऊस होता, रस्ता बंद होता, जावई म्हणाले होते सगळं होईल इथंच... सुईण पोचली, डॉक्टर पोचला नाही. मूल गेलं. पोर कशीबशी हाती लागली, आणि महिनाभरानं घरी आणली तेव्हा ती "अप्पा" एवढंच म्हणाली होती आणि भिंतीकडे तोंड करून निजली होती. पुढच्या खेपेला तिथं ठेवाल तर पोरीलाही गमावाल, असं हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून या वेळी आणायचीच. पण श्रावण-भाद्रपदात काळ्या रानातून बैलगाडीसुद्धा चालेना, मग पितृपंधरवडा आडवा आला, मग पेट्रोलची कुपनं, आणि आता टायर. सातवा सरायच्या आत आणायची, एवढं मात्र पक्कं. आठव्यात गर्भारशीनं शीव ओलांडायची नाही, हे त्यांच्या पत्नी श्यामलाबाईंच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे, आणि व्याह्यांकडंही, दगडावरची रेघ. व्याही देवमाणूस, पण त्या घरात बाईमाणूस नाही. महिने श्यामलाबाईंनी मोजायचे आणि व्याह्यांनी मान डोलवायची.

"रावसाहेब, टायर आहे का नवरी मुलगी?" आनंदा हसला. "उलटून पालटून किती बघाल? होगली बिड्री, जाऊ द्या! माझं ऐका. दाताचे मागं घाला, चिखलात तेच ओढतात. हवा थोडी कमी ठेवा, दणका कमी लागेल. आणि अक्कासाहेबांना मागं बसवूच नका. पुढं, तुमच्या शेजारी. सगळा झटका मागं बसतो."

अगदी सोपं होतं. इतकं सोपं, की प्रभंजनरावांना आनंदाचा रागच आला.

"मागच्या वेळी अक्कासाहेब फार थकल्या होत्या," टायर गडगडत बाहेर नेता नेता आनंदा बोलतच होता. "जावईबापूंना धोंड्याचं जेवायला घेऊन चालला होता ना तुम्ही? गाडी इथंच उभी होती. अक्कासाहेबांना उलटी झाली, आमच्या आईनं लिंबाचं पाणी दिलं. आई तेव्हाच म्हणाली, गोड बातमी आहे म्हणून."

धोंड्यात. अधिक महिन्यात... हो, आणि घरी पोचल्यावर अनारशाच्या तुपाचा वास सहन होईना म्हणून ती परसात जाऊन बसली होती, जावई एकटेच पाटावर. म्हणजे तेव्हा दिवस गेलेलेच होते. तिसरा तरी लागलाच होता. प्रभंजनरावांचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. धोंडा, मग खरा ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, हा आश्विन... पुन्हा मोजलं. धोंडा सोडला तर सात येत होते. पण धोंडा मुंजीला सोडायचा, लग्नाला सोडायचा. पोटातलं मूल काही पंचांग बघून महिनाभर वाढायचं थांबत नाही! हा आठवा होता. आठवा लागून गेला होता.

आनंदा चाकं चढवत होता, पाना लोखंडावर खणखणत होता. आता सांगितलं तर व्याही पाठवायचे नाहीत; पोर तिथंच राहील, तीच सुईण, तोच चिखल. न सांगता आणली आणि वाटेत कुठं... नवलगुंदच्या अलीकडे, भर रानात, माझ्या शेजारच्या सीटवर... मी काय करू? कलमं सांगू? उभ्या जन्मात दुसऱ्यांचे तंटे तोडले, आणि आज स्वतःच्या लेकीचा एक निर्णय करवत नाही. सकाळपासून टायर तरी होता. दाताचा की गुळगुळीत, एवढी तरी काळजी हातात धरायला होती. आता तीही त्या आनंदानं काढून घेतली.

धारवाडला, सप्तापूरच्या घराशी येईपर्यंत त्यांनी एक मात्र ठरवलं होतं: श्यामलाला सांगायचं. ती बाई सोवळ्याओवळ्याची, शकुन-अपशकुनाची पक्की. ती कपाळाला हात लावील, म्हणेल, आठव्यात? मुळीच नाही! ती नाही म्हणाली की आपण नाही. जन्मभर तिच्या या नियमांची त्यांनी थट्टा केली होती. आज तेच नियम आडवे यावेत म्हणून ते पायऱ्या भराभर चढले.

श्यामलाबाई जुन्या लुगड्यांच्या घड्या घालत होत्या.

"मिळाले टायर?"

"मिळाले. अगं पण ऐक... मी महिने मोजत होतो. धोंडा धरला तर..."

"धरू नका."

त्यांनी वर पाहिलं नाही. घडी घातली, तिच्यावर दुसरी ठेवली.

"म्हणजे तुला—"

"धोंड्यातच तिनं मला परसात सांगितलं. पाय धरले हो माझे. म्हणाली, आई, काहीही कर, पण मला तिथं ठेवू नकोस." श्यामलाबाईंचा आवाज एवढासा झाला. "मी व्याह्यांना एक महिना कमी सांगितला. देवापुढं निरांजन लावायला हात होत नाही माझा तेव्हापासून. आता तुम्ही मोजू नका. उद्या उजाडताच निघा."

प्रभंजनराव दारातच उभे राहिले. हातांना रबराचा वास येत होता. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून वाट बघतोय, कुणीतरी "जाऊ नका" म्हणण्याची. आणि ते म्हणणारं माणूस या घरात आता कुणीच उरलेलं नाही.